बालअपस्मार, शस्त्रक्रिया आणि ‘मोठा झाल्यावर पाहू’

अपस्मार, म्हणजे बोलीत ज्याला फेफरे किंवा आकडी म्हणतात तो विकार, जडलेल्या मुलाच्या मेंदूवर शस्त्रक्रियेचा विचार निघाला की घरातून, शेजारापाजारातून आणि पुष्कळदा दवाखान्यातूनही एकच सल्ला मिळतो : औषधे चालू ठेवा, मूल मोठे झाले की पाहू. हा सल्ला सावधपणाचा वाटतो खरा. परंतु औषध बदलत राहिल्यास झटके कधीतरी थांबतीलच आणि थांबून राहण्यात मुलाचे काही बिघडत नाही, या ज्या दोन समजुतींवर तो उभा आहे, त्या दोन्ही तपासून पाहिल्यावर टिकत नाहीत.

ग्लासगो येथील क्वान आणि ब्रॉडी यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पूर्वी उपचार न घेतलेल्या मुलांपासून वृद्धांपर्यंतच्या 470 रुग्णांपैकी 47 टक्के रुग्णांचे झटके पहिल्याच औषधाने थांबले आणि दुसऱ्याने आणखी 13 टक्क्यांचे. त्यापुढे तिसरे औषध देऊन किंवा दोन औषधे जोडून जेमतेम 4 टक्क्यांची भर पडली. म्हणूनच योग्य निवडीची आणि पुरेशा मात्रेतील दोन औषधे निष्फळ ठरली, की तो अपस्मार औषधरोधी, म्हणजे औषधांना न जुमानणारा समजावा, अशी व्याख्या आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने 2010 साली केली. असे असता पाचवे-सहावे औषध सुरू करून वर्षे काढणे याला चिकाटी म्हणता येत नाही.

दुसरी समजूत अधिक घातक आहे. वारंवार येणारे झटके वाढत्या मेंदूची शिकण्याची घडीच विसकटतात, शिवाय झटक्यात अचानक मृत्यू ओढवण्याचा धोका असतो तो वेगळाच. उलट, लहान वयात मेंदूची लवचीकता, म्हणजे एका भागाचे काम दुसऱ्या भागाने उचलण्याची क्षमता, सर्वांत जास्त असते. डाव्या अर्धगोलातील भाषेचे काम बालपणी उजवा अर्धगोल बऱ्याच अंशी पेलू शकतो, ते प्रौढपणी घडणे दुरापास्त. ज्या काळात शस्त्रक्रियेची भरपाई होऊ शकते, नेमका तोच काळ ‘मोठा झाल्यावर’ या शब्दांनी खर्ची पडतो.

राहिली भीती पंगुत्वाची, आणि ती निराधार म्हणता येणार नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत औषधरोधी अपस्माराच्या 116 मुलांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली होती. एका वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्या 57 मुलांपैकी 44 मुले झटकामुक्त होती, तर केवळ औषधांवरच्या 59 पैकी चारच. मात्र शस्त्रक्रियेच्या गटातील 15 मुलांच्या शरीराच्या एका बाजूस दुर्बलता आली, हे शस्त्रक्रियेच्या पुरस्कर्त्यांनी दडवता कामा नये. ती काही शस्त्रक्रियांमध्ये अपेक्षितच असते : अर्धगोल-विच्छेदनात रोगट अर्धगोलाचे निरोगी बाजूशी असलेले तंतू कापले जातात, पण तो भाग रक्तपुरवठ्यासह जागेवरच ठेवला जातो, आणि ज्या मुलांवर ते करतात त्यांचा विरुद्ध बाजूचा हात बहुधा आधीपासूनच अधू असतो. वर्तन आणि जीवनमान यांतही शस्त्रक्रियेचा गट सरस ठरला. बुद्धिमापनात मात्र वर्षभरात लक्षणीय फरक दिसला नाही. शस्त्रक्रियेने मूल हुशार होते असा प्रचार कोणी करत असेल, तर त्यालाही या चाचणीत आधार नाही.

यावरून प्रत्येक फेफरेकरी मुलाला शस्त्रक्रियागृहात न्यावे असे निष्पन्न होत नाही. जनुकीय दोषातून उद्भवणाऱ्या ड्रावे सिंड्रोमसारख्या विकारात, किंवा झटक्यांचे उगमस्थान अनेक ठिकाणी विखुरलेले असल्यास, काढण्याजोगा एक भागच सापडत नाही. तो आहे की नाही हे ठरवण्यासाठी मुलाच्या डोक्यावर विद्युतवाहक चकत्या चिकटवून, गरज पडल्यास औषध हळूहळू कमी करून, त्याला अहोरात्र कॅमेऱ्यासमोर ठेवतात आणि झटका आला की मेंदूतील विद्युतलहरी व शरीराची हालचाल एकाच वेळी नोंदवतात. मान आधी कुठे वळली, कोणता हात ताठरला, हे क्षणाक्षणाने पाहिले जाते आणि एमआरआयमधील व्रणाशी ताडले जाते. या तपासणीनंतर मिळालेला नकारही उपयोगी असतो, कारण त्यानंतर आहारोपचारासारखे अन्य मार्ग निःशंकपणे धरता येतात.

खरी अडचण वेगळीच आहे. दिल्लीच्या चाचणीत औषधांच्या गटातील मुले शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीवरच होती. रांग इतकी लांब होती, म्हणूनच अशी तुलना करता आली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेसारखी सर्वांगीण केंद्रे देशात मोजकीच असल्यामुळे, विलंबाने पाठवलेले मूल या रांगेतही शेवटी उभे राहते. तेव्हा दुसरे औषध फसल्यावर तिसरी चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी त्याच कागदावर अशा केंद्राचे नावही लिहावे, आणि त्यांनी ते लिहिले नाही तर पालकांनी ते मागून घ्यावे.