सुई टोचायला हरकत नाही, पण टोचणारा कोण ते आधी सांगा

गेले काही दिवस आपल्या चौल-रेवदंडा भागात व्हॉट्सॲपवर एक पत्रक फिरतंय. 'तणाव, निद्रानाश, बीपी, शुगर, लकवा, मूल न होणे – सर्वांवर एकच उपाय, ॲक्युपंक्चर. फक्त तीन दिवस.' वर डॉ. कोटणीसांचा फोटो. खाली मोबाईल नंबर. टोचणाऱ्याचं शिक्षण काय, नोंदणी क्रमांक काय, यातलं एक अक्षर नाही.

कोण आयोजक, कोणाचा हॉल, यात मी जात नाही. असली पत्रकं आज आली नाहीत आणि उद्या बंदही होणार नाहीत. प्रश्न आपला आहे. आपण विचारत का नाही?

आधीच सांगतो, मी सुईचा विरोधक नाही. गेल्या महिन्यात मी स्वतः पहिल्यांदा ॲक्युपंक्चर करून घेतलं. कारण साधं. वय पंचेचाळीसच्या पुढे, तालुक्याच्या बातम्या, महिनोन्‌महिने न येणारं मानधन, रात्री दोन वाजता उघडणारे डोळे आणि मानेत दगड ठेवल्यासारखं ओझं. अशी माणसं आपल्याकडे घरटी एक आहेत.

त्याआधी बातमीसाठी म्हणून अशाच एका शिबिरात गेलो होतो. सतरंजीवर वीस-पंचवीस माणसं, निम्म्या बायका. एका स्टीलच्या वाटीत सुया. नवीन पाकीट फोडताना मला तरी कोणी दिसलं नाही. प्रमाणपत्र विचारलं तर उत्तर आलं, "तुम्ही पत्रकार ना? तुमचं फ्री करून टाकू." मी उठलो आणि बाहेर पडलो.

मग अलिबागला एका नोंदणी असलेल्या थेरपिस्टकडे गेलो. भिंतीवर प्रमाणपत्र लावलेलं. बाईंनी पहिला अर्धा तास सुईला हातच लावला नाही. झोप किती, चहा किती, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, कावीळ झाली होती का, सगळं विचारलं. मग माझ्यासमोर सीलबंद पाकीट फोडलं. इंजेक्शनची सुई पोकळ असते, ही भरीव आणि केसासारखी बारीक. दोन भुवयांच्या मध्ये, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, गुडघ्याखाली. टोचताना मुंगी चावल्यासारखं झालं, मग आत कुठेतरी जडपणा आला. वीस-पंचवीस मिनिटं तसंच पडून राहायचं होतं. मी चक्क घोरलो म्हणे. सुया काढल्या आणि माझ्यादेखत वेगळ्या डब्यात टाकल्या.

त्या रात्री झोप लागली. खोटं कशाला बोलू?

पण झोप सुईमुळे लागली, की कोणीतरी अर्धा तास माझं ऐकून घेतलं आणि फोन बंद ठेवून मला पडून राहू दिलं म्हणून? हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही, आणि पत्रक छापणाऱ्यालाही येणार नाही. जगभर यावर प्रयोग झालेत. काही रुग्णांना खऱ्या जागी सुया टोचतात, काहींना भलत्याच जागी किंवा टोचल्याचं नुसतं नाटक करतात. अनेकदा दोघांनाही बरं वाटतं आणि फरक थोडाच निघतो. जुनाट दुखणी, केमोथेरपीनंतरची मळमळ यांत उपयोग होतो असं म्हणायला बऱ्यापैकी आधार आहे. तणावाच्या बाबतीत पुरावा अजून कच्चा आहे. शुगर आणि लकवा सुईने बरा होतो म्हणणं तर शुद्ध थाप. अशा आजारांवर रामबाण उपाय असल्याची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे. सत्तर वर्षं झाली त्या कायद्याला!

आता त्या फोटोबद्दल. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये गेलं, त्यात ते होते. जखमी सैनिकांवर रात्रंदिवस शस्त्रक्रिया करत १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच वारले. ते सर्जन होते, सुईवाले नव्हते. त्याच पथकातले डॉ. बिजॉय बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकून आले आणि कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केलं. भारतात ही विद्या रुजली ती अशी. म्हणजे एक डॉक्टर समुद्र ओलांडून रीतसर शिकायला गेला, आणि आपण दहा दिवसांचा कोर्स केलेल्याला मान पुढे करतो! कोटणीसांचा फोटो छापणाऱ्यांनी निदान त्यांच्यासारखा हात तरी धुवावा.

'हे सगळं मोकाटच आहे हो, कायदा कुठाय?' असं कोणी म्हणेल. कायदा आहे. महाराष्ट्र ॲक्युपंक्चर चिकित्सा पद्धती अधिनियम, २०१५.  त्याखाली परिषद आहे, नोंदणी आहे. २०१९ मध्ये केंद्रानेही ॲक्युपंक्चरला स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली. म्हणजे 'आमची विद्या सरकार मानत नाही' हे रडगाणं आता चालणार नाही. मान्यता मिळाली, तर तिच्यासोबत येणारी जबाबदारीही घ्या. एकाची सुई दुसऱ्याला टोचली तर हिपॅटायटिस बी जाऊ शकतो. छातीवर चुकीच्या खोलीवर टोचली तर फुफ्फुसाला इजा होऊ शकते. क्वचित होतं, मान्य. पण जिच्या बाबतीत होतं तिला 'क्वचित' या शब्दाचा काय उपयोग?

आता खरी गोष्ट. ही शिबिरं भरतात का? लोक वेडे आहेत म्हणून नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि एका दुपारात आपल्या वाड्या आडव्या झाल्या. बापजाद्यांनी लावलेल्या नारळी-पोफळी गेल्या. पोफळ नव्याने लावली तर उत्पन्न सुरू व्हायला पाच-सात वर्षं जातात. पंचनामे झाले, झाडांचे पैसे मोजले गेले. पण त्या वाडीवाल्याच्या झोपेचा पंचनामा कोणी केला? तेव्हापासून दर दुसऱ्या घरात जमीन विकायची की ठेवायची यावर भावाभावांत अबोला. शनिवार-रविवारी मुंबईकर इथे येऊन 'किती शांत आहे हो तुमच्याकडे' म्हणतात. ती शांतता भाड्याने देणाऱ्याला रात्री झोप येत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

असा माणूस मनाच्या डॉक्टरकडे जात नाही. 'वेडा ठरवतील' ही भीती आणि त्यात अलिबागची खेप, एक दिवसाची मजुरी बुडवून. सबंध राज्यात सरकारी मनोरुग्णालयं मोजून चार: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून कागदावर आहे. तो गावात पोहोचला असता, तर सतरंजीवरच्या वाटीतल्या सुयांसमोर एवढी रांग लागली असती का?

म्हणून तीन मागण्या, जाहीरपणे.

एक, ग्रामपंचायत, मंदिर ट्रस्ट किंवा मंडळ, आरोग्य शिबिराला हॉल कोणीही देवो, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये.

दोन, आरोग्य खात्याने शिबिर संपल्यावर नव्हे, चालू असताना येऊन तपासावं. सुया एकदाच वापरतात का आणि नंतर कुठे टाकतात, एवढं बघायला फार मोठा अधिकारी लागत नाही.

तीन, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातला एक ठरलेला दिवस मनाच्या दुखण्यासाठी द्या. तोपर्यंत टेलिमानसचा १४४१६ हा नंबर दवाखान्यात, एसटी स्टँडवर, रेशन दुकानात मोठ्या अक्षरात लावा. फोन फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

आणि आपण? ज्याला सुई घ्यायचीय त्याने खुशाल घ्यावी. फक्त तीन गोष्टी विचारा. नोंदणी क्रमांक काय? पाकीट माझ्यासमोर फोडणार का? माझी चालू गोळी बंद करायला सांगणार का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं, तर चपला घाला आणि घरी या.

उद्या मला फोन येतील, 'चांगल्या कामात खोडा घालतोस' म्हणून. येऊ देत. मासळी घेताना आपण कल्ले उघडून बघतो. मग स्वतःच्या अंगात सुई जाताना एक प्रश्न विचारायला लाज कसली?

पटलं तर पुढे पाठवा. विशेषतः ते पत्रक ज्या ग्रुपवर आलंय, तिथे.