अमेरिकेतली यादी सांगलीत चालत नाही

भारतातून महिन्या-दोन महिन्यांनी एक तरी निरोप येतो, "नवीन पीसी असेंबल करायचाय, यादी पाठवलीय, जरा नजर टाक." अमेरिकेत राहतो आणि इंजिनियर आहे म्हटल्यावर मला यातलं सगळं कळतं असा एक गोड समज आहे. (माझी पीएच.डी. सेन्सर्समधली आहे. पण हे सांगून उपयोग नसतो.) मागच्या खेपेला मावसबहिणीच्या मुलाची यादी आली. पोरगं सांगलीत, नुकतंच इंजिनियरिंगला लागलेलं. बजेट 80 हजार, म्हणजे दाजींच्या दीड महिन्याचा पगार. यादी बघितली तर यूट्यूबवरच्या कुठल्यातरी अमेरिकन व्हिडिओतून जशीच्या तशी उतरवलेली. एकच बदल होता. पैसे कमी पडले म्हणून एसएमपीएस कॅबिनेटबरोबर 'फ्री' मिळणारा घेतला होता.

मी म्हटलं, "अरे, बाकी काहीही काप, पण हा नको."

"मामा, त्याने स्पीड थोडीच वाढतो?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. नाही वाढत. आणि सगळी मेख तिथेच आहे.

माझं म्हणणं असं, की अमेरिकन लोकांच्या याद्या चुकीच्या नसतात. पण त्यांच्या मागे काही गृहीतकं असतात आणि ती कुणी लिहीत नाही, कारण तिकडे ती सगळ्यांनाच लागू असतात. वीज जात नाही. खोलीत 22 डिग्री असतं. वस्तू खराब निघाली तर दुकान परत घेतं. आमच्या कोलंबसात मायक्रो सेंटर नावाचं प्रचंड दुकान आहे, 1979 साली इथेच सुरू झालेलं. तिथे प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम असे तिन्ही एकत्र स्वस्तात देतात, आणि नाही जमलं तर ठरावीक दिवसांत परतही घेतात. अशा माणसाने जुगार खेळायला हरकत नाही. सांगलीच्या पोराचा मदरबोर्ड बंद पडला तर तो कुरिअरने कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला जाणार, आणि सेमिस्टरचा एक तुकडा त्यात जाणार.

आता वीज. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण यादीत शेवटच्या ओळीला असलेला हा डबा बाकीच्या सगळ्या ओळींना जेवायला घालतो.

आधी हिशोब करू. रायझन 5च्या 65 वॉटच्या प्रोसेसरला कंपनीने घालून दिलेली वरची मर्यादा 88 वॉट. आरटीएक्स 5060 कार्डाचे 145. बाकी पंखे, रॅम, एसएसडी, मदरबोर्ड मिळून 50 धरा. झाले 283. म्हणजे चांगला 550 वॉटचा एसएमपीएस आरामात पुरतो. दुकानदार 'फ्यूचरसाठी' म्हणून स्वस्तातला 750 गळ्यात मारतात. त्याच पैशात नामांकित कंपनीचा 550 येत असेल तर डोळे मिटून तो घ्यावा. आणि त्यावरचं '80 प्लस' हे लेबल म्हणजे दर्जाची हमी असं समजू नका. ते सांगतं फक्त इतकंच, की भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती कामाला लागली आणि किती उष्णतेत गेली. ती चाचणीही 23 डिग्रीला होते. मे महिन्यातल्या दुपारी तुमच्या माडीवरच्या खोलीत 23 डिग्री कधी पाहिलंय का? आतल्या कपॅसिटरबद्दल एक ठोकताळा आहे, तापमान 10 डिग्रीने वाढलं की आयुष्य साधारण निम्मं. त्यामुळे 105 डिग्रीचे कपॅसिटर आणि लांब वॉरंटी ही भारतात चैन नव्हे.

शिवाय वीज जाते. इथेही कधीतरी वादळात जाते, पण त्यासाठी घरोघरी यूपीएस नसतात. आपल्याकडे असतात आणि त्यावर 600 व्हीए लिहिलेलं असतं. पण व्हीए म्हणजे वॉट नव्हे. 600 व्हीएचे बहुतेक यूपीएस 360 वॉटच देतात. वरचे 283 हे एसएमपीएसमधून बाहेर पडणारे. त्यातली गळती धरली आणि मॉनिटर जोडला की आपण काठावर येतो. दुसरी भानगड अशी, की स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की गुळगुळीत लाट देत नाही, पायऱ्यापायऱ्यांची देतो. काही एसएमपीएसना ती पचत नाही, आणि वीज गेली की यूपीएस असूनही मशीन बंद! लोक यूपीएसला शिव्या देतात. चांगला एसएमपीएस वीज गेल्यावरही साधारण 15-16 मिलिसेकंद तग धरतो, यूपीएसला बॅटरीवर यायला 4 ते 10 लागतात. तग धरण्याची ही ताकद आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये असते, आणि 'फ्री'वाल्या डब्यात पहिली काटकसर तिथेच होते.

आणि अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात, हे आपल्याकडे इतक्या घरांत चालतं की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन कपॅसिटर अर्थला जोडलेले असतात. अर्थच नसेल तर डब्याचा पत्रा साधारण अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे 115च्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, माणसाला काही होत नाही, पण असा पीसी अर्थिंग असलेल्या टीव्हीला जोडताना एचडीएमआय पोर्ट जाऊ शकतो. मी दाजींना सांगितलं की आधी वायरमन बोलावून सॉकेट तपासून घ्या. ते हसले. पीसीच्या यादीत वायरमन! पण माझ्या मते तो पहिल्या क्रमांकावर हवा.

उष्णतेचा दुसरा परिणाम कॅबिनेटवर. पुढे बंद काच आणि आत इंद्रधनुष्य असलेली कॅबिनेटं फोटोत झकास दिसतात. पण हवा येणार कुठून? पुढून जाळी आणि जाळीमागे धुळीचा फिल्टर, बस. तो फिल्टर दर महिन्याला नळाखाली धुवायचा. दिव्यांचे पैसे वाचले की एसएमपीएसचे सुटतात.

ग्राफिक्स कार्डाबद्दल थोडक्यात. एकाच नावाने दोन माल विकण्याची कंपन्यांना सवय लागली आहे. 2025च्या एप्रिलमध्ये आलेलं आरटीएक्स 5060 टीआय 8 जीबीमध्ये 379 डॉलरला होतं आणि 16 जीबीमध्ये 429 ला. जूनमध्ये आलेलं आरएक्स 9060 एक्सटी 299 आणि 349. खोके जवळपास सारखेच. कार्डात नंतर मेमरी वाढवता येत नाही, तेव्हा चार-पाच वर्षं वापरायचं असेल तर 16 वालं घ्यावं आणि प्रोसेसर एक पायरी खाली आणावा. प्रोसेसरवर कात्री चालवायला मन होत नाही, मला माहीत आहे. 'आय-सेव्हन घेतला' हे शेजाऱ्यांना सांगता येतं, '16 जीबीचं कार्ड' कुणाला कळत नाही. पण प्रोसेसर नंतर बदलता येतो. एएमडीच्या एएम4 सॉकेटचे 2017 साली घेतलेले कित्येक मदरबोर्ड बायोस अपडेट करून 2022चे प्रोसेसर चालवू शकले. म्हणून मी आज एएम5ला झुकतं माप देतो.

रॅमच्या बाबतीत मात्र पोराशी माझं जमलं नाही. 'दोन स्टिक हव्यात' हा नियम बरोबर आहे, विशेषतः वेगळं कार्ड नसेल तर, कारण तेव्हा ग्राफिक्सही त्याच रॅमवर जगतं. पण 2025च्या शेवटी एआयच्या सर्व्हरांनी मेमरी ओढून घेतल्यावर भाव असे भडकले की जुन्या याद्यांतले आकडे कचऱ्यात गेले. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीरच केलं. अशा वेळी वेगळं कार्ड असेल तर 16 जीबीची एकच स्टिक घेऊन दुसरी जागा रिकामी ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं. त्याला दोन आठच्याच हव्या होत्या. पुढे वाढवायचं झालं तर त्या काढून विकाव्या लागतील हे सांगून पाहिलं. असो. स्टिक कितीही असोत, बायोसमध्ये एक्स्पो चालू करायला विसरू नका, नाहीतर 6000 ची रॅम 4800 वर चालत राहते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

शेवटी तो नेहमीचा प्रश्न, "मामा, कार्ड तिकडूनच घेऊन ये ना, स्वस्त पडेल." इथल्या भावात विक्रीकर धरलेला नसतो, तो बिल करताना लागतो. कस्टम्सचा प्रश्न वेगळाच. आणि वॉरंटी बऱ्याचदा त्या त्या देशापुरती असते. बिघडलं तर कार्डाने माझ्यासारखीच दोन वर्षांनी एकदा फेरी मारायची का?

त्यापेक्षा लॅमिंग्टन रोडवर किंवा सांगलीतच घे, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. दुकानदार विचारेल, "बिल हवंय? मग 18 टक्के वेगळे." हो म्हणायचं. जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर. आणि खोके वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर. ताईला सांगून ठेवलंय, दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला जाऊ देऊ नकोस म्हणून.