अपमान कोणत्या विभागात बसतो?



मागच्या महिन्यात भिवंडीतल्या आमच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक मुलगी माझ्याजवळ थांबली. एम.ए. मानसशास्त्राचं शेवटचं वर्ष. वडील यंत्रमागावर बारा तासांची पाळी करतात, भाऊ गोदामात कंत्राटी कामाला. तिला लघुप्रबंध लिहायचा होता गोदामात आडनाव लपवून काम करणाऱ्या आपल्या पोरांवर. नवा मुकादम आधी विचारतो, नाव काय. मग पूर्ण नाव. मग गाव कुठलं. या तीन प्रश्नांत पोराच्या पोटात जो गोळा येतो, तो तिला मांडायचा होता. गाईडने विषय बाजूला सारला. "ताई, ते म्हणाले, जात हा समाजशास्त्राचा विषय आहे. तू परीक्षेचा ताण घे."

मला हसू आलं आणि रागही आला. मी समाजशास्त्रात एम.ए. करत होते, तेव्हा अपमानावर लिहू का विचारलं, तर उत्तर मिळालं होतं की ही मनाची गोष्ट, मानसशास्त्रवाल्यांची. म्हणजे जात एका विभागात, मन दुसऱ्या विभागात आणि आपला अपमान मधल्या पॅसेजमध्ये उभा!

असे लघुप्रबंध उघडून बघा. साठ विद्यार्थी, तीस मुलगे, तीस मुली. तयार प्रश्नावली, उदाहरणार्थ रोझेनबर्गची 1965 सालची आत्मसन्मान मापनी, तिची दहा विधानं. मग टी-चाचणी आणि निष्कर्ष: लक्षणीय फरक आढळला नाही. माहितीपत्रकावर वय, लिंग, शिक्षण. जातीचा रकाना नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर जात लागते, शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर लागते, प्रबंधाच्या फॉर्मवर मात्र ती अचानक गायब होते. आत्मसन्मान हा तर आपल्या चळवळीचा शब्द. तो मोजायचा, पण तो रोज कोण तुडवतं हे विचारायचं नाही, हे कसलं शास्त्र? जात मनात घर करून असते, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच मांडलं होतं.

एम.ए.च्या प्रबंधाने काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी एक उदाहरण. 1939 साली अमेरिकेच्या हॉवर्ड विद्यापीठात मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने मानसशास्त्राच्या एम.ए.साठी प्रबंध लिहिला. विषय होता, अगदी लहान काळ्या मुलांना आपण कोण आहोत याची जाणीव कशी होते. त्यातूनच पुढे त्यांचे आणि पती केनेथ क्लार्क यांचे बाहुल्यांचे प्रयोग उभे राहिले. बाहुल्या सारख्याच, फरक फक्त रंगाचा. चांगली कुठली, असं विचारलं की बहुसंख्य काळी मुलं गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखवत. 1954 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधली वर्णविभागणी घटनाबाह्य ठरवली, तेव्हा निकालाच्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या अभ्यासाचा उल्लेख होता.

आणि मेमींचा पीएच.डी.चा गाईड कोण होता? हेन्री गॅरेट, वंशभेदाचा समर्थक. विद्यापीठ कोलंबिया, जिथे 1913 साली बाबासाहेब शिकायला गेले होते. पुढे व्हर्जिनियाच्या खटल्यात गॅरेट विभागणीच्या बाजूने साक्षीला उभे राहिले आणि त्यांचं म्हणणं खोडून काढायला मेमींनीही साक्ष दिली. गाईड विरोधात आहे म्हणून विषय मरत नसतो.

आता नेहमीचा आक्षेप: तू त्याच समाजाची, मग तटस्थ कशी राहशील? सवर्ण संशोधक सवर्ण मुलांचा ताण मोजतो, तेव्हा त्याला हा प्रश्न कोणी विचारतं का? तटस्थता पद्धतीतून येते, आडनावातून येत नाही.

पण बोट आपल्याकडेही वळवू. पैसे देऊन तयार प्रबंध बांधून घेणारे आपल्यातही आहेत. रोहित वेमुला, डॉ. पायल तडवी यांच्यासाठी आपण रस्त्यावर उतरलो, ते योग्यच होतं. पण वर्गात, वसतिगृहात, कामावर माणूस आतून कसा खचत जातो, याची पद्धतशीर नोंद आपणच केली नाही, तर दर वेळी समोरचा म्हणणार, तो मुळातच कमजोर होता. हे उत्तर खोडायला घोषणा पुरत नाही, पुरावा लागतो.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं. मान्यताप्राप्त मापनी घे, म्हणजे नाकारायला निमित्त उरणार नाही. सोबत दहा-बारा जणांच्या सविस्तर मुलाखती घे, त्यांच्याच बोलीत. माहितीपत्रकात जातीचा रकाना टाक, पण तो भरायचा की नाही हे समोरच्याला ठरवू दे. लेखी संमती घे, नावं आणि गोदामांचे पत्ते बदल, मुकादमासमोर कुणाशी बोलू नकोस. बोलताना कुणाला रडू आलं तर वही मिट. आपल्या माणसाचं दुःख हे तुझ्या मार्कांसाठीचा कच्चा माल नाही. निष्कर्ष तुझ्या अंदाजाविरुद्ध निघाले तरी जसेच्या तसे लिही. आणि विषय पुन्हा लेखी दे. नाकारायचा असेल तर कारणही लेखी माग.

तिने अर्ज दिला आहे. उत्तर अजून आलेलं नाही. विषय मंजूर होवो वा न होवो, मुलाखती घ्यायच्या असं तिने ठरवलंय आणि वाचन पहिलं विहारात होणार, त्याच पोरांसमोर.

या वर्षी मानसशास्त्राचा लघुप्रबंध लिहिणाऱ्या प्रत्येक भीमसैनिकाला माझा एकच प्रश्न आहे. तुझ्या माहितीपत्रकात तो रकाना आहे का?

जय भीम!