आधी कापड पाहा, मग मळ

मैत्रिणींनो, मागच्या थंडीत माझ्या हातून एक घोटाळा झाला. सासूबाईंनी यांच्यासाठी विणलेला लोकरीचा स्वेटर मी चादरींबरोबर ‘कॉटन’वर, गरम पाण्यात टाकला. बाहेर निघाला तो धाकटीच्या मापाचा! गरम पाण्यात घुसळली की लोकर आटते आणि पुन्हा सैल होत नाही. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

तेव्हापासून मी मशीनचं बटण फिरवण्याआधी कापड पाहते. सुती चादरी, टॉवेल ‘कॉटन’वर, पाणी तापवायची सोय असेल तर 40 ते 60 अंश. टेरिकॉटचे शर्ट, गणवेश ‘सिंथेटिक’वर, 30 ते 40 अंश. जास्त तापवून जोरात पिळले, तर चुण्या इस्त्रीलाही दाद देत नाहीत. लोकर ‘वूल’वर, थंड पाण्यात, वाळवताना टांगू नका, सावलीत सपाट पसरा. पैठणी मशीनला दाखवूच नका!

‘क्विक’ थोड्याशा, कमी मळलेल्या कपड्यांसाठीच. घाई आहे म्हणून टब ठासून भरलात, तर मळ तसाच राहील. रक्ताचा डाग आधी थंड पाण्यात काढा. गरम पाण्याने तो पक्का बसतो.

शंका आली, तर शिवणीतली चिठ्ठी पाहा. टबाखाली एक रेघ म्हणजे हलकी धुलाई, दोन म्हणजे अगदी हळुवार. टबात हात दिसला, की हातानेच धुवा.

तो स्वेटर आता धाकटी मिरवते. सासूबाईंनी यांच्यासाठी दुसरा विणायला घेतलाय. धुवायचं काम मात्र माझ्याकडेच आहे बरं का!