पावसाची सुट्टी कुणाच्या जिवावर?

‘अतिमुसळधार पावसाचा इशारा असल्याने उद्या जिल्ह्यातील सर्व शाळा, अंगणवाड्या व महाविद्यालये बंद राहतील.’ असा आदेश हल्ली रात्री उशिरा मोबाईलवर येतो. पाठोपाठ वर्तमानपत्रांच्या महिला पुरवण्यांत लेख येतात, ‘पावसाळी सुट्टीत चिमुकल्यांना कसे गुंतवाल?’ कागदाच्या होड्या करा, कापसाचे ढग चिकटवा, मुलांबरोबर गरमागरम भजी तळा. लेखासोबतच्या चित्रात खिडकी असते, खिडकीबाहेर पाऊस असतो आणि आत हसरी आई असते. बाप चित्रात नसतो. आई कामावर जात असेल अशी शंकासुद्धा त्या चित्राला शिवलेली नसते.

मी भिवंडी तालुक्यात खारबाव आणि आसपासच्या पाड्यांवर काम करते. दिवा-वसई रेल्वेमार्गावरचं हे स्टेशन. गाड्या दिवसातून मोजक्याच. एका बाजूला खाडी आणि खारजमिनीतली भातशेती, दुसऱ्या बाजूला अंजूरफाटा-चिंचोटी रस्ता आणि पुढे गोडाऊनांची रांग. मुंबईपासून फार लांब नाही, पण जोराच्या पावसात भरतीची वेळ साधली की पाड्यांचे रस्ते पाण्याखाली जातात आणि मुंबई दिल्लीइतकी दूर होते. इथल्या बायका जून-जुलैत आवणीला जातात, बाकीच्या वेळी गोडाऊनमध्ये माल भरायला, निवडायला, पॅकिंगला. रोज भरला तर रोजचा पैसा. त्यांच्या मुलांना सुट्टी मिळते. त्यांना मिळत नाही.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. असाच सुट्टीचा दिवस होता. आम्ही दोघी कार्यकर्त्या पाड्यावर पोचलो तेव्हा एका घराला बाहेरून कडी होती आणि आतून रडण्याचा आवाज येत होता. कडी काढली. आत दहा वर्षांची मुलगी खाटेवर उभी होती. कडेवर दीड वर्षाचा भाऊ आणि फ्रॉकला धरून तीन वर्षांची बहीण. जमिनीवर वीतभर पाणी चढलेलं, चूल विझलेली, सकाळपासून तिघांनी चहा-बटर सोडून काही खाल्लेलं नाही. आई पहाटेच गोडाऊनला गेली होती. नाल्याला पाणी आलं की पोरं बाहेर पळतील, म्हणून तिने कडी घातली होती.

संध्याकाळी ती भेटली तेव्हा मीच चिडून विचारलं, “मावशी, कोंडून कसं गेलात?” ती शांतपणे म्हणाली, “ताई, दार उघडं ठेवलं तर नाला, बंद ठेवलं तर पाणी. तुम्हीच सांगा कुठलं बरं?” मुकादमाला तिने विचारलं होतं. तो म्हणाला, “सुट्टी शाळेला आहे, गोडाऊनला नाय. उद्या आली नाहीस तर परवापण येऊ नको.”

एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला बालविकासाचे टप्पे शिकवले होते. या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं.

त्याच पाड्यावरचं दुसरं घर. तिथे आईच्या जागी दुसरीतली मुलगी धाकट्या भावाला खेळवत बसली होती. मी विचारलं, घरी कुणीच नाही का? ती म्हणाली, “नाय, कोणच नाय.” आतल्या खोलीत तिचा बाप झोपला होता. पॉवरलूमवर रात्रपाळी करून आलेला, दमलेला, हे खरंच. पण तिची आईही आदल्या दिवशीची बारा तासांची दमणूक घेऊनच पहाटे उठली होती. बाप घरात असूनही ‘घरी कोणच नाय’ असं सात वर्षांच्या मुलीला वाटतं आणि त्याचं कुणालाच नवल वाटत नाही. मूल सांभाळणारं माणूस म्हणजे बाई, आणि बाई नसेल तर घरातली थोरली मुलगी, हे त्या घरात कुणी कुणाला शिकवलेलं नाही. ते तसंच चालत आलेलं आहे, आणि आपल्या सुशिक्षित घरांतही फारसं वेगळं नाही. माझा स्वतःचा मुलगा चार वर्षांचा आहे. सुट्टीचा आदेश आला की आमच्या घरी रजेचा अर्ज कुणाचा जातो, हे वाचक मैत्रिणींना सांगायची गरज नाही.

आमच्याही चुका सांगायला हव्यात. दोन वर्षांपूर्वी आम्ही मोठ्या उत्साहाने ‘पावसाळी खेळांचं’ पत्रक काढलं होतं. रंगीत कागद, गोंद, कात्री, क्रेयॉन. बायकांच्या बैठकीत वाचून दाखवलं. बायकांनी ऐकून घेतलं. मग एक आजी म्हणाल्या, “कागद आमच्याकडे भिजतोच गं. आणि हे करायला सून घरी असते कुठं?” सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो, पण ते पत्रक परत कुणाच्या हातात दिलं नाही.

याचा अर्थ खेळ बिनमहत्त्वाचा असा कुणी काढू नये. दीड-दोन ते सहा वर्षांच्या मुलाचं शिकणं खेळातूनच होतं, आणि पावसाच्या कोंडलेल्या दिवशी तर त्याला खेळाची जास्तच गरज असते. शिवाय त्याला रंगीत कागद लागतोच असं नाही. त्याच आजींनी नंतर आम्हाला दाखवलं. गळक्या पत्र्याखाली डबा, तवा, कळशी, परात मांडायची आणि कुठल्या भांड्याचा आवाज कसा येतो ते पोरांना डोळे मिटून ओळखायला लावायचं. चिंचोके आणि खाडीवरच्या शिंपल्या लहान-मोठ्या वेगळ्या करायच्या. चिकणमातीच्या चुली आणि होड्या. गोधडीचं घर. आजींच्या तोंडची आगरी गाणी. कुठल्याही शिशुवर्गाने मान खाली घालावी असा हा अभ्यासक्रम आहे. फक्त तो चालवायला एक मोकळं, जागं, पोटभर जेवलेलं मोठं माणूस लागतं आणि एक कोरडी जागा लागते. पुरवण्यांतले लेख या दोन्ही गोष्टी गृहीत धरतात, आणि आमच्या पाड्यावर नेमक्या त्याच नसतात.

हे कळायला आपल्याला परदेशी तज्ज्ञांची गरज नव्हती. १९४५ साली ताराबाई मोडक याच जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण वस्तीवरची मुलं येईनात. तेव्हा मुलांना बोल न लावता त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. महागडी माँटेसरी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पानं, माती घेतली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी ओळखलं की थोरल्या मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटी भावंडं असतात. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मूल जिथे आणि ज्या अवस्थेत आहे तिथे शाळेने जायचं, असा साधा विचार त्यामागे होता.

२ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर गेलं. नाव गेलं, पण पाळणाघर मागेच राहिलं. आजची अंगणवाडी दिवसाचे काही तास चालते आणि तीन वर्षांच्या आतलं मूल तिथे दिवसभर ठेवता येत नाही. कामावर जाणाऱ्या आईचा दिवस मात्र पहाटे सुरू होऊन अंधारात संपतो. पावसाच्या सुट्टीत तर हे चार तासही जातात आणि त्याबरोबर गरम ताज्या आहाराचं ताटही जातं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो आहार मुलांचा हक्क ठरवला आहे. पाऊस पडला म्हणून भूक सुट्टीवर जात नाही.

पाळणाघराची तरतूद कायद्याला ठाऊकच नव्हती असंही नाही. १९४८च्या कारखाना कायद्याने तीसपेक्षा जास्त बायका जिथे काम करतात तिथे पाळणाघर सांगितलं. २००५च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमावं असं लिहिलं होतं. २०१७च्या दुरुस्तीने प्रसूती लाभ कायद्यात पन्नास कामगारांमागे पाळणाघर आलं. पण गोडाऊनमधल्या बायका कुणाच्या कामगार? मालक म्हणतो ठेकेदाराच्या, ठेकेदार म्हणतो मुकादमाच्या, आणि मुकादमाच्या वहीत नुसती पहिली नावं. पन्नासाचा आकडा भरणार कसा? दुसरीकडे १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत राजघाटाजवळच्या बांधकामावरच्या मजूर बायकांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर सुरू केलं आणि त्यातून ‘मोबाईल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. जे तंबूत जमलं, ते हजारो चौरस फुटांच्या कोरड्या, उंच गोडाऊनमध्ये जमत नाही? तिथे खोक्यांना पाणी लागू नये म्हणून जोतं उंच बांधतात. मजुरांच्या मुलांसाठी त्या जोत्यावर एक खोली निघत नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, ‘अशा दिवशी आईने घरी राहावं.’ जरूर राहावं, आणि बापानेही राहावं. पण त्या दिवसाची मजुरी कोण देणार ते आधी बोला. दुसरा, ‘अंगणवाडी उघडी ठेवून जीव धोक्यात घालायचे का?’ मुळीच नाही. पडक्या, गळक्या खोलीत मुलं बसवा असं आम्ही म्हणत नाही आणि सगळा भार अंगणवाडीताईंवर टाका असंही म्हणत नाही. त्या आधीच ‘मानधना’वर राबतात. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ एवढा मोठा संप त्यांना करावा लागला. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युईटीचा हक्क मान्य केला, तरी सरकार त्यांना कर्मचारी म्हणायला तयार नाही. एका बाईची सोय दुसऱ्या बाईच्या फुकट राबण्यातून करायची, हा मार्ग आपला नव्हे.

आमचं म्हणणं एवढंच आहे की शाळा बंद करण्याचा आदेश अर्धा आदेश आहे. उरलेला अर्धा असा असला पाहिजे. इशाऱ्याच्या दिवशी लहान मुलांच्या आई किंवा बापाला भरपगारी सुट्टी मिळावी आणि त्या दिवशी न आल्यामुळे कुणाचं काम जाऊ नये. प्रत्येक गावात शाळा, ग्रामपंचायत किंवा समाजमंदिर यांपैकी एक उंच, पक्की जागा लहान मुलांसाठी उघडी राहावी, तिथे गरम जेवण असावं आणि सांभाळणाऱ्यांना दिवसाची रोख मजुरी मिळावी. अंगणवाडीला जोडून पाळणाघर देणारी ‘पाळणा’ योजना २०२२पासून आहे. तिची पाळणाघरं सर्वांत आधी या गोडाऊनपट्ट्यात यावीत, वेगळ्या नेमलेल्या, पगारी सेविकांसह.

आणि एक मागणी सरकारकडे नाही, घराघरात करायची आहे. बाप घरात असेल तर ‘घरी कुणीतरी आहे’ असं पोरांना म्हणता आलं पाहिजे. पुढच्या बैठकीला आम्ही पुरुषांना बोलावलं आहे. किती येतील ठाऊक नाही. आजी मात्र चिंचोक्यांची पिशवी घेऊन बसणार आहेत. त्या म्हणाल्या, “येऊ देत. त्यांनापण शिकवते.”

तो पाणी चढलेला दिवस निभावला, कारण आम्ही योगायोगाने त्या वाटेने गेलो. पुढच्या पावसात त्या दहा वर्षांच्या मुलीने पुन्हा खाटेवर उभं राहून वाट पाहावी, असं तुम्हाला वाटतं का? नसेल वाटत, तर आपापल्या ग्रामसभेत, आपल्या वॉर्डात हा प्रश्न पाऊस येण्याआधी विचारा.