हलक्या काठीच्या बाजूने

(द्वितीय वर्ष, कला)

गळाची काठी हलकी असावी, असे माझे मत आहे. हे मत वार्षिक अंकात मांडण्याइतके मोठे आहे काय, असे कोणी विचारील. मित्रहो, हुंडा, बेकारी आणि आजच्या युवकापुढील आव्हाने यांवर याच अंकात जाणकारांनी लिहिले असेलच. मी ज्या घरातून आलो, त्या घरातले कोणी यापूर्वी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. काठीची पारख मात्र त्या घरात तीन पिढ्यांची आहे. ज्या एका विषयात माझ्या घराला अधिकार आहे त्यावरच लिहावे, हे मला बरे वाटते.

आमच्या वयाची मुले हल्ली शहरातून एकात एक सरकणारी तयार काठी घेऊन येतात. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला, ‘दणकट आहे ना?’ दुकानदारही तयारच असतो. तो सर्वांत जाड काठी काढतो, फरशीवर टेकवून दाखवतो आणि म्हणतो, दहा किलोचा मासा आला तरी मोडणार नाही. दहा किलोचा मासा पांझरेच्या बंधाऱ्यात कुठून येणार, हे तो सांगत नाही आणि घेणाराही विचारीत नाही. लग्नाच्या वरातीला ट्रक भाड्याने आणावा आणि त्यात नवरा-नवरी दोघेच बसावीत, तसा हा प्रकार आहे.

आपले पाणी कसे आहे ते आधी पाहू. धुळे जिल्ह्यात पांझरेवर जुने फड बंधारे आहेत. त्यांच्या मागे पावसाळ्यानंतर पाणी तुंबते, संथ होते, आणि माघ-फाल्गुनापर्यंत डोहाडोहांतून उरते. गिरणेचेही खाली तसेच. अशा पाण्यात गळाला लागतात ते खवली, चिलापी, क्वचित रोहूचे पिल्लू. बोटभरापासून वीत-दीड वीत लांबीचे मासे. यातली चिलापी मुळात आपली नव्हेच, आफ्रिकेतली. १९५२ साली ती भारतात आणली गेली आणि आता डबक्यातसुद्धा सापडते. हे मासे आमिष गपकन गिळत नाहीत. ते चाचपतात, ओठाने ओढून पाहतात, सोडून देतात. पाण्यावर तरंगणारा मोरपिसाचा देठ एवढासा कलतो, पुन्हा उभा राहतो. त्या क्षणी मनगट हलले पाहिजे. जड काठी हातात असेल तर मनगट हलते, पण काठीचे टोक मागाहून हलते. तोवर मासा निघून गेलेला असतो. माझे आजोबा अहिराणीत म्हणतात, “जड काठी लेऊ नको, हात आंधया व्हई जास.”

हात आंधळा का होतो, याचा हिशेब मी विज्ञान शाखेतल्या मित्राकडून मांडून घेतला. बारा फुटी काठी दोन्ही हातांनी धरली, दोन हातांत एक फूट अंतर ठेवले, तर पुढच्या हातापासून टोक अकरा फूट दूर जाते. टोकाशी वीस ग्रॅम वजन वाढले की मागच्या हाताला अकरापट, म्हणजे दोनशे वीस ग्रॅमचा जादा जोर सतत लावत राहावे लागते. सकाळी सहापासून अकरापर्यंत तो लावून पाहा! म्हणून काठी घेताना एकूण वजन विचारण्यापेक्षा टोकाचे वजन पाहावे. बुडखा थोडा जड असला तरी चालतो. उलट त्याने तोल सावरतो.

त्याच मित्राने आणखी एक गोष्ट सांगितली. भरीव काठी दुप्पट जाड केली तर वजन चौपट होते, पण ताठपणा सोळापट वाढतो. जाड काठी मोडत नाही हे खरे, पण ती वाकतही नाही, आणि ती वाकत नाही म्हणून माशाचा हिसका सगळा तंगुसावर येतो. बारीक तंगूस तुटतो. गळ, शिसे, तरंगणारा देठ सगळे पाण्यात. मग लोक जाड तंगूस बांधतात. संथ, नितळ पाण्यात जाड तंगूस माशाला दिसतो. एका जाड काठीपायी सगळाच सरंजाम जाड होत जातो आणि मासा लांब जातो.

आता बांबूविषयी. सातपुड्यात उगवणारा मानवेल आमच्याकडे पहिल्या पसंतीचा. कोरड्या डोंगरात तो जवळजवळ भरीव येतो, म्हणून बोटाएवढा बारीक असूनही टिकतो. बुरूड समाजातली जाणती माणसे दोन-तीन वर्षांची कांब निवडून देतात. कोवळी वाळल्यावर सुरकुतते, फार जून झालेली कडकन मोडते. कांब हिवाळ्यात तोडलेली असावी, नाहीतर तिला भुंगेरे लागतात. सावलीत वाळवायची, मंद आचेवर वाकडे पेर तापवून सरळ करायचे, तेल पाजायचे आणि खाली वजन बांधून उभी टांगायची. लांबी आठ हात पुरे. नंतर खरी परीक्षा. बुडखा धरून एक झटका द्यावा. टोक दोन-तीनदा हलून थांबले तर काठी घ्यावी. वेड्यासारखे हलतच राहिले तर ती तुरीवर चवळीचा वेल चढवायला ठेवावी. आणखी एक बारकावा आजोबांचा. तंगूस फक्त शेंड्याला बांधू नये. काठीवरून गुंडाळत खाली हातभर आणून दुसरी गाठ द्यावी. शेंडा मोडला तरी मासा हातचा जात नाही.

प्राध्यापक मंडळींना कदाचित हे सगळे ग्रामीण वाटेल, म्हणून थोडे सातासमुद्रापलीकडचे सांगतो. इंग्लंडात गोड्या पाण्यातल्या माशांचे दोन वर्ग मानतात. सामन आणि ट्राउट हे खानदानी. बाकी सगळे ‘कोअर्स’, म्हणजे आपल्या भाषेत भरड. ज्वारी-बाजरीला आपण भरड धान्य म्हणतो, तसेच. खानदानी मासे जमीनदारांच्या वाट्याला, भरड मासे गिरणी कामगारांच्या. पण १८७८ साली या भरड माशांच्या विणीचा काळ राखणारा कायदा तिथे झाला, आणि त्यामागे शेफील्डसारख्या कारखान्यांच्या शहरातल्या गळ टाकणाऱ्यांचा रेटा होता. हलकी काठी घेऊन तरंगत्या देठाकडे पाहत बसणारा माणूस तिकडे रिकामटेकडा ठरत नाही. आणि गंमत पाहा: चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या जोडून तिकडच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात ज्या नामांकित काठ्या केल्या, त्यांचा बांबू कलकत्त्याहून जात असे. तो मानवेलच. पुढे चीनमधला बांबू सरस ठरून हा मागे पडला. मद्रासकडच्या एच. एस. थॉमस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७३ साली भारतातल्या गळाच्या मासेमारीवर जाडजूड पुस्तक लिहिले. साहेबाने लिहिले म्हणून ते शास्त्र, आजोबा सांगतात म्हणून ती टंगळमंगळ, हा न्याय मला मान्य नाही.

तयार काठी मुळीच घेऊ नये, असे मात्र माझे म्हणणे नाही. कार्बनची काठी बांबूपेक्षा हलकी असते, हे कबूल केले पाहिजे. पैसे असतील त्याने जरूर घ्यावी, पण बारीक टोकाची. एक इशारा मात्र देतो. कार्बनमधून वीज वाहते. रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यांतून नदीकाठापर्यंत पंपाच्या तारा गेलेल्या असतात, काही ठिकाणी हात उंचावला तर भीती वाटावी इतक्या खाली. तिथे बारा फुटी कार्बनची काठी उभी करणे म्हणजे मरणाला बोलावणे. ओला बांबूही तिथे भरवशाचा नाही. तारांखाली बसूच नये.

हतनूरच्या फुगवट्यात, जिथे कटला आणि शिंगाळा मोठा होतो, तिथे माझी काठी चालणार नाही. तिथले शास्त्र वेगळे. शिवाय धरणांतली मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. त्यावर कुटुंबे जगतात, तेव्हा विचारून बसावे. पहिल्या पुराला मासे अंड्यावर येतात, तेव्हा तर काठी घरातच टांगलेली बरी.

आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी काठीच्या निवडीवर मराठी पुस्तक शोधले, मिळाले नाही. आमच्या गावात कांब तापवून सरळ करणारे आता दोघेच उरले आहेत. दोघेही अंगठा उठवतात. दर रविवारी मी वही घेऊन त्यांच्यापुढे बसतो. तापवण्याचे आणि टांगण्याचे प्रकरण लिहून झाले. गाठींचे अजून बाकी आहे.