कॅज्युअल्टीतील नवी परिचारिका आणि आपली मराठी

बोलीभाषांचा अभ्यास म्हणजे ग्रामीण कथा-कादंबऱ्यांचा किंवा लोकगीतांचा अभ्यास, असा एक संकेत आपल्या मराठी विभागांत रूढ झाला आहे. बोलीतील एखादा शब्द न समजल्यास फार तर रसभंग होईल, असे आपण मनोमन धरून चालतो. रुग्णालयाच्या अपघात विभागात मात्र शब्द न समजण्याची किंमत रुग्ण मोजतो. तेथे नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेच्या निमित्ताने हा विषय मराठीच्या अध्यापकांपुढे मांडावा, असे आम्हांस वाटते.

पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली ‘फ्रॉम नोव्हिस टू एक्स्पर्ट’ या ग्रंथात परिचारिकेच्या घडणीच्या पाच पायऱ्या सांगितल्या. शिक्षण संपवून नुकतीच कामावर आलेली परिचारिका त्यांतील दुसऱ्या पायरीवर असते. तिची भिस्त नियमांवर असते. पाचव्या पायरीवरील परिचारिकेला संपूर्ण प्रसंग एकदम उमगतो. नव्या सिस्टरला ट्राएज ठाऊक असते. नाडी, रक्तदाब, श्वासाची गती, रक्तातील ऑक्सिजन पाहून कोणाला लाल, कोणाला पिवळ्या आणि कोणाला हिरव्या गटात ठेवायचे, हे ती शिकून आलेली असते. अडचण अशी, की हे नियम ज्या भाषेत लिहिलेले आहेत त्या भाषेत रुग्ण बोलत नाही.

काही उदाहरणे पाहू. ‘अंगावरून जातंय’ असे एखादी स्त्री सांगते, तेव्हा ती योनिमार्गातील स्रावाविषयी किंवा रक्तस्रावाविषयी बोलत असते. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे मात्र पक्षाघात. दोन वाक्प्रयोगांत अंतर एका शब्दाचे. पण पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. ‘पान लागलं’ किंवा ‘जनावर चावलं’ याचा अर्थ सर्पदंश, कारण सापाचे नाव घ्यायचे नाही असा लोकसंकेत आहे. आणि ‘त्यानं औषध घेतलं’ हे वाक्य शेतकरी कुटुंबातील माणूस खालच्या आवाजात उच्चारतो, तेव्हा ते औषध बहुधा पिकावर फवारण्याचे असते. ‘कोणती गोळी?’ असे विचारणाऱ्या सिस्टरला तो गप्प राहून उत्तर देईल. जिला त्या वाक्याचा अर्थ कळतो, ती बाटली आणायला सांगेल, बाहुल्या तपासेल आणि डॉक्टरांना हाक मारील.

यावर एक आक्षेप संभवतो. ही भाषा कामावरच शिकायची असते. वॉर्डातील मामा-मावशी आणि इनचार्ज सिस्टर ती शिकवतात. हे खरेच आहे. किंबहुना मावशी या रुग्णालयातील दुभाषी असतात आणि त्यांच्या या कामाची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही. परंतु रात्रपाळीला मावशी दुसऱ्या वॉर्डात गेलेल्या असताना शिक्षणाचा खर्च कोणी सोसायचा? परगावची, परप्रांतातून आलेली किंवा शहरात वाढलेली मुलगी येथे सारखीच अडते. बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सत्रात तिला ‘कम्युनिकेटिव्ह इंग्लिश’ शिकविले जाते, आणि ते आवश्यकही आहे. रुग्णाच्या भाषेचे शिक्षण मात्र ती मिळेल तसे गोळा करते.

दुसरा प्रश्न नोंदीचा. रुग्णाची मुख्य तक्रार शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहावी, असे वैद्यकीय शिक्षणात सांगितले जाते. प्रत्यक्षात ‘जीव घाबरा होतोय’ याचे केसपेपरवर सहज ‘अँग्झायटी’ होऊ शकते. भाषांतर म्हणून ते चूकही वाटत नाही. परंतु स्त्रियांमध्ये आणि मधुमेही रुग्णांमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. घाम, मळमळ, धाप आणि ही घालमेल एवढीच त्याची चाहूल असू शकते. मूळ वाक्य देवनागरीत तसेच लिहिले, तर पुढच्या पाळीच्या सिस्टरला आणि डॉक्टरांना ते नव्याने वाचता येईल. भाषांतराने मिटवलेला अर्थ त्यांना परत मिळणार नाही. भाषांतरमीमांसा शिकविणाऱ्या आपल्यासारख्यांना याहून बोलके उदाहरण कोणते हवे?

तिसरी गोष्ट बोलण्याची. ‘सिस्टर, आमचा माणूस वाचेल ना?’ हा प्रश्न डॉक्टरांच्या आधी तिला विचारला जातो. ‘काही होणार नाही’ हे खोटे आश्वासन, आणि ‘डॉक्टरांना विचारा’ ही तोंडावर बंद केलेली खिडकी. ‘उपचार सुरू झाले आहेत, मी इथेच आहे, कळेल तसं सांगते’ या तीन लहान वाक्यांत सत्यही आहे आणि धीरही. बाविशीतल्या मुलीला ती आपोआप सुचावीत, अशी अपेक्षा अन्याय्य आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक जिल्ह्यातील मराठी विभागाने जवळच्या नर्सिंग महाविद्यालयाच्या मदतीने त्या भागातील आजारपणाचे शब्द गोळा करावेत. मामा-मावशींना आणि अनुभवी सिस्टरांना माहितीदार मानावे, आणि कॅज्युअल्टीच्या टेबलावर मावेल एवढी पुस्तिका तयार करावी. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात. त्यांतील एखादा विषय रात्री दोन वाजता कोणाच्या तरी उपयोगी पडला, तर आपल्या अभ्यासाचे मोल त्यामुळे कमी होणार नाही.